चार सुरांचा धनी

गिटारवर वाजणाऱ्या चार-सहा सुरांच्या एका तुकड्यासाठी वसंत व्याख्यानमालेतील एक संध्याकाळ खर्ची घालावी काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. शिवकाल, संतवाङ्मय, शेतीचे अर्थकारण हे विषय अशा व्यासपीठाला शोभतात. विलायती वाद्यावरचा हा तुकडा त्यांच्या पंक्तीला बसतो की नाही, याची शंका आम्हांसही आली होती. परंतु विचार करू लागल्यावर असे दिसून आले की, या एवढ्याशा तुकड्यापोटी दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. असा तुकडा थोर कशाने ठरतो, हा पहिला. आणि तो थोर ठरल्यावर त्याचा धनी कोण, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर जगभरच्या रसिकांनी हिरिरीने भांडण केले आहे. दुसऱ्यावर न्यायालयांना निवाडे द्यावे लागले आहेत. आणि पहिल्याचे उत्तर नीट दिल्यावाचून दुसऱ्याचे देता येत नाही, असे आमचे मत आहे.

इंग्रजी बोलणारे वादक या तुकड्याला ‘रिफ’ म्हणतात. १९३०च्या सुमारास अमेरिकेतील जॅझ वादकांच्या बोलण्यातून हा शब्द रूढ झाला. आमच्याकडे सिनेसंगीताच्या धंद्यात गाण्याच्या आधी किंवा दोन कडव्यांच्या मध्ये जे वाजते त्या सगळ्यालाच सरसकट ‘पीस’ म्हणतात. परंतु रिफ म्हणजे कोणताही पीस नव्हे. जो तुकडा आखूड आहे, जो पुनःपुन्हा येतो आणि ज्याच्या पाठीवर बाकीचे गाणे उभे राहते, तो रिफ. पुनरावृत्ती हा त्याचा प्राण होय. एकदाच वाजून गेलेली सुरावट कितीही गोड असली तरी तिला हे नाव मिळत नाही.

लोणी काळभोरच्या श्रोत्यांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की तिचा पुढचा मुक्काम याच गावी पडतो. त्या दिवशी सोलापूर रस्त्यावर जो उभा राहिला असेल त्याने ‘ज्ञानबा-तुकाराम’ हा नामघोष टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर दिवसभर ऐकलेला आहे. दोन नावे, मोजके सूर, आणि चालणाऱ्याच्या पावलाशी जुळलेली लय! हजारदा ऐकूनही त्याचा वीट येत नाही. उलट, घोष थांबला तर पाऊल अडखळते. वारकऱ्यांनी त्याला कधी संगीताची कामगिरी म्हटले नाही आणि म्हणण्याची गरजही नाही. पण पुनरावृत्ती ही कंटाळ्याची जननी नसून आधाराची जननी होऊ शकते, हे समजून घ्यायला त्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

बैठकीच्या संगीतात याचे शास्त्रोक्त रूप म्हणजे लेहरा. तबल्याचे स्वतंत्र वादन चालू असताना किंवा कथकात पेटीवर अथवा सारंगीवर एकाच आवर्तनाची सुरावट, तीनतालात म्हटले तर सोळा मात्रांची, फिरून फिरून वाजवीत राहतात. चंद्रकंस रागातला लेहरा तर कित्येकांच्या कानांत कायमचा बसलेला असतो. लेहरा धरणाऱ्याने इकडेतिकडे हलायचे नाही, आपले कसब दाखवायचे नाही, फक्त समेची जागा चोख राखायची. तबलजी वाटेल तिथे भटकून येतो, कारण लेहऱ्याने घर राखलेले असते. टाळ्या अर्थात तबलजीला पडतात. लेहरा आणि रिफ यांत फरक इतकाच की, लेहरा घर राखतो, तर रिफ घर राखता राखता स्वतःच दारात येऊन उभा राहतो. गाणाऱ्याच्या आधी लोक त्यालाच ओळखतात.

आता इतिहासाकडे वळू. आखूड सुरावटीच्या बळावर मोठी इमारत उभारण्याची युक्ती काही गिटारवाल्यांनी शोधलेली नाही. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्नामध्ये प्रथम वाजली. तिचा आरंभ चार सुरांचा आहे, आणि त्यांतले पहिले तीन तर एकच सूर आहेत. गिटारच्या बाबतीत नवे घडले ते एवढेच की, विसाव्या शतकात या वाद्याला वीज मिळाली. तोवर वाद्यवृंदात मागे बसून ताल धरणारे हे हलक्या आवाजाचे वाद्य एकाएकी सनई-चौघड्यालाही मागे सारील एवढे बुलंद झाले.

१९५८ साली चक बेरी यांची ‘जॉनी बी. गुड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या आरंभी जो गिटारचा तुकडा आहे तो पुढे निदान दोन पिढ्यांच्या वादकांनी धुळाक्षरांसारखा गिरविला. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीच्या आवाजांची जी सुवर्णतबकडी पाठविली, तीत केसरबाई केरकर यांच्या भैरवीबरोबर हे गाणेही आहे. म्हणजे केरीची आमची केसरबाई आणि सेंट लुईचा हा गिटारवाला आज सूर्यमालेबाहेर एकाच तबकडीत बसून प्रवास करीत आहेत! पण गंमत पुढेच आहे. तो आरंभीचा तुकडा मुळात चक बेरींचा नव्हे. १९४६ साली लुई जॉर्डन यांच्या एका ध्वनिमुद्रिकेत कार्ल होगन या गिटारवादकाने तो जवळजवळ तसाच वाजविला होता. बेरींनी होगन यांचे ऋण उघडपणे मान्यही केले होते. तरी बेरींचे नाव ताऱ्यांकडे गेले आणि होगन यांचे नाव जाणकारांपुरते राहिले. हा धागा आपल्याला पुढे लागणार आहे.

त्याच १९५८ साली लिंक रे या वादकाचा ‘रंबल’ नावाचा केवळ वाद्यांचा तुकडा निघाला. त्यात एकही शब्द नाही. तरीसुद्धा तो ऐकून पोरे मारामाऱ्या करतील या भयाने अमेरिकेतल्या काही नभोवाणी केंद्रांनी त्याला बंदी घातली. शब्दाविना बंदी ओढवून घेणारे संगीत विरळाच म्हणावयाचे. रे यांनी आवाज खरखरीत व्हावा म्हणून ध्वनिवर्धकाच्या कागदी पडद्याला भोके पाडली होती. सहा वर्षांनी, १९६४ साली, लंडनच्या ‘किंक्स’ या मंडळीतील डेव्ह डेव्हिस या पोरसवदा वादकाने हाच उद्योग दाढीच्या पात्याने केला. पडदा फाटला, आवाज गुरगुरू लागला आणि ‘यू रिअली गॉट मी’ हे गाणे साऱ्या इंग्लंडभर झाले. चांगली वस्तू बिघडविल्यावाचून तिला सूर सापडेना, ही गोष्ट आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना रुचणार नाही. परंतु ती खरी आहे.

वादाला खरे तोंड येथे फुटते. एक पक्ष म्हणतो की थोरवी अवघडपणात आहे: जो तुकडा शिकण्यास वर्षे लागतात तो मोठा. या मताला आम्ही फार वेळ देणार नाही. अवघडपणा हा वादकाचा गुण आहे, तुकड्याचा नव्हे. तबल्यावर अतिद्रुत रेला वाजवणारा थोर असेल. पण घरी जाताना श्रोत्याच्या ओठांवर रेला नसतो, लेहरा असतो.

दुसरा पक्ष बरोबर उलट टोकाला जातो. त्याच्या मते साधेपणा हेच सर्वस्व. या पक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे ‘डीप पर्पल’ या इंग्रज मंडळीचे ‘स्मोक ऑन द वॉटर’. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९७१ च्या डिसेंबरात ही मंडळी स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा सरोवराकाठी माँत्रो येथे ध्वनिमुद्रणासाठी उतरली होती. तेथील कॅसिनोत त्यांचे मुद्रण व्हावयाचे होते. ४ डिसेंबरला त्याच जागी फ्रँक झॅपा यांचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांपैकी कोणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर, म्हणजे संकेताचा दारूगोळा, उडवला आणि कॅसिनो जळून खाक झाला. धूर सरोवरावर पसरला. बेघर झालेल्या मंडळींनी एका नाट्यगृहात मुद्रण आरंभले; आवाजाने झोपमोड झालेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पोलीस दारात आले. त्या अल्पावधीत जे मुद्रित झाले त्यात हा तुकडा होता. तो रिची ब्लॅकमोर यांचा. १९७२ साली तो ‘मशीन हेड’ या तबकडीत निघाला आणि पुढच्या वर्षी जगभर झाला. आज गिटारच्या दुकानात शिरणारे प्रत्येक पोर प्रथम तोच वाजवून पाहते, आणि दुकानदार कानांवर हात ठेवतो.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर त्यात स्वर चारच: षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि ओझरता तीव्र मध्यम. पंचमापर्यंतही तो चढत नाही. पण म्हणून तो केवळ साधा आहे काय? नीट ऐकावे. पहिल्यांदा सुरावट वर चढून मध्यमावर थांबते, म्हणजे प्रश्न टाकते. दुसऱ्यांदा एक पायरी जास्त चढून, जणू तोल जाऊन, पुन्हा मध्यमावर येते. प्रश्न अधिक गडद होतो. तिसऱ्यांदा पहिल्यासारखीच येते, आणि मग गंधारावरून षड्जावर उतरून उत्तर देते. उत्तर मिळाले म्हणेतो पुन्हा प्रश्न! शिवाय काही सूर मात्रेवर न पडता तिच्या किंचित आधी पडतात, त्यामुळे ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. आणखी एक बारकावा असा की, ब्लॅकमोर हा तुकडा एका तारेवर वाजवीत नाहीत. मूळ सूर आणि त्यापासून चौथा सूर अशा दोन तारा ते बोटांनी एकदम छेडतात. त्यामुळे आवाजाला तो पोकळ, दगडी घुमारा येतो. नवशिका पोर एकाच तारेवर वाजवते आणि दुकानदाराचा जीव खाते, त्याचे कारण हेच! साधेपणा दिसतो तो वरवरचा. वजन कोठे टाकायचे आणि जागा कोठे मोकळी सोडायची, याचा तो हिशेब आहे.

तिसरा पक्ष आम्हांस सर्वांत विचार करावयास लावतो. तो म्हणतो, सुरावट जाऊ द्या. थोरवी आवाजाच्या जातीत आहे. ‘रोलिंग स्टोन्स’चे कीथ रिचर्ड्स यांना १९६५ साली ‘सॅटिस्फॅक्शन’चा तुकडा अर्धवट झोपेत सुचला आणि तो त्यांनी उशाशी ठेवलेल्या टेपवर धरून ठेवला. त्यांच्या मनात तो तुताऱ्यांसाठी होता. ध्वनिमुद्रणात त्यांनी गिटारला ‘फझ’ नावाची पेटी जोडून तुताऱ्यांची जागा फक्त दाखविली होती; पण तसेच मुद्रण बाजारात गेले आणि तीच खरी वस्तू ठरली. त्याच वर्षी ओटिस रेडिंग यांनी हे गाणे खऱ्याखुऱ्या तुताऱ्यांसह गायिले. ते उत्तम आहे. तथापि ते ऐकताना आपल्या मनात वाजत राहते ती फझवाली गिटारच.

टोनी आयोमी यांचे उदाहरण याहून करुण. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबावयाचा हात तोच. प्लास्टिक वितळवून त्यांनी बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा बसविल्या, पुढे तारा ढिल्या करून स्वर खाली आणला. ‘ब्लॅक सॅबाथ’ या त्यांच्या मंडळींचा जो जड, संथ, भुईतून आल्यासारखा आवाज १९७० नंतर जगाने डोक्यावर घेतला, त्यात त्या दुखऱ्या बोटांचा मोठा वाटा आहे. असा आवाज कागदावर कसा लिहावा? सुरावट लिहिता येते. बोट नाही लिहिता येत.

आमचा निवाडा विचाराल तर तो असा. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत जी बेंजो पार्टी असते तिच्याहून कठोर परीक्षक नाही. ती कोणतेही गाणे घेते, शब्द टाकून देते, मूळ वाद्य टाकून देते आणि उरेल ते रस्त्यावर वाजविते. जो तुकडा त्या कसोटीतून जिवंत बाहेर येतो, ज्यावर नवरदेवाचे मामा ओळख पटून नाचू लागतात, त्याची सुरावट आणि लय पक्की आहे हे सिद्ध झाले. २०१६ च्या ‘सैराट’मधील ‘झिंगाट’चा तुकडा अशा किती वरातींतून तावून सुलाखून निघाला, याला गणती नाही. पण ही परीक्षा निम्मी झाली. उरलेली निम्मी अशी: बेंजोवर वाजत असतानाही ऐकणाऱ्याच्या मनात मूळ वाद्य, मूळ वादकाचा हात जागा होतो काय? जेथे दोन्ही घडते तो तुकडा थोर. तो कोठेही जातो, पण आपले गाव विसरत नाही.

हे मान्य केले तर एक परिणाम टळत नाही. थोर तुकड्यात सुरावटीइतकाच वादकाचा हात असतो. मग वादक हा त्याचा अर्धा तरी कर्ता झाला. येथून आपण दुसऱ्या प्रश्नापाशी आलो, आणि त्यासाठी पुन्हा लोणीस यावे लागेल.

राज कपूर यांची राजबाग याच गावी, मुळा-मुठेच्या काठी. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ (१९७८) या चित्रपटाचे चित्रण तेथे झाले. आज त्या परिसरात विद्यापीठ आहे आणि राज कपूर यांचे स्मारकही. १९४८ साली त्यांनी चित्रसंस्था काढली आणि पुढच्याच वर्षीच्या ‘बरसात’मधील प्रसंगावरून तिचे बोधचिन्ह घेतले: एका हातावर नायिका, दुसऱ्या हातात व्हायोलिन. निर्मात्याच्या बोधचिन्हातच वाद्य असावे, हे संगीताचे केवढे कौतुक! पण त्या व्हायोलिनमधून येणारा आवाज ज्यांचा होता, ते ध्वनिमुद्रणाच्या दालनात ओळीने बसलेले वादक. श्रेयनामावलीत त्यांची नावे येत नसत. ‘बरसात’पासून शंकर-जयकिशन यांचे संगीत राज कपूर यांच्या चित्रपटांची ओळख बनले. त्यांच्या त्या भव्य वाद्यवृंदाची मांडणी दीर्घकाळ सेबास्टियन डिसोझा या गोव्याच्या गृहस्थांनी केली. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत होते. संगीतकार चाल सांगे. ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून, प्रत्येक वाद्याने केव्हा काय वाजवायचे हे कागदावर लिहिणे हे अ‍ॅरेंजरचे काम. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांवाचून मुंबईचे सिनेसंगीत उभेच राहिले नसते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याजवळ प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात शिष्याने गुरूचे नाव घातले. साऱ्या देशाने ते नाव तोंडपाठ केले. ते खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांस ठाऊक होते.

गिटारपुरते बोलायचे तर १९७१ च्या ‘दम मारो दम’ची आणि १९७३ च्या ‘चुरा लिया है’ची गिटार भूपिंदर सिंग यांची. ते गायक म्हणूनही नावाजले, त्यामुळे २०२२ साली ते निवर्तले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्या तुकड्यांची आठवण काढली. सर्वांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. आमच्या मते हिंदी चित्रपटातील सर्वांत विलक्षण गिटारचा तुकडा १९८० च्या ‘कर्ज’मधला. येथे तुकडा गाण्याचा अलंकार नाही, तो कथेचा पुरावा आहे. नायक गिटारवर एक सुरावट वाजवू लागतो आणि त्याला मागचा जन्म दिसू लागतो. खून झालेला माणूस, खून करणारी पत्नी, सारे त्या सुरांतून परत येते. जन्म बदलला, देह बदलला, वाद्यावरचे सूर तेवढे राहिले! आम्ही वर जी कसोटी सांगितली ती यापलीकडे कोणी ताणू शकेल असे वाटत नाही. पडद्यावर गिटार धरलेली आहे ती राज कपूर यांचे चिरंजीव ऋषी कपूर यांनी. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, आणि त्याबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. प्रत्यक्ष गिटार वाजविली ती प्यारेलाल यांचे बंधू गोरख शर्मा यांनी. २०१८ साली ते वारले. त्या सुरावटीवर गुणगुणणाऱ्या दहा माणसांना विचारून पाहावे. ऋषी कपूर दहाही सांगतील.

कायद्याने या प्रकरणी काय केले? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात ‘संगीतकृती’ची जी व्याख्या होती तीनुसार छापलेले, लिहून काढलेले किंवा आलेखरूपाने उतरविलेले संगीत तेवढे कृती ठरत असे. ज्या देशात गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात संगीत जाते त्या देशाने ही व्याख्या स्वीकारावी, हे आश्चर्यच! आणि सिनेधंद्यात कागदावर लिहिणारा हात बहुधा अ‍ॅरेंजरचा. पण कागद लिहिला म्हणून त्याला कोणी कर्ता मानले नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा पहिला धनी सर्वसाधारणपणे निर्माता होय. जेथे संगीतकारच बाजूला पडला तेथे वादकाला कोण पुसतो? १९९४ च्या दुरुस्तीने लिखाणाची अट गेली आणि कलावंताच्या सादरीकरणाला प्रथमच हक्क मिळाला.

कागदाचा हा महिमा अमेरिकेतही चालतो. ‘लेड झेपेलिन’च्या १९७१ मधील ‘स्टेअरवे टू हेवन’चा आरंभीचा गिटारचा भाग ‘स्पिरिट’ या मंडळींच्या १९६८ मधील ‘टॉरस’वरून उचलला, असा दावा २०१४ साली झाला. दोन्ही तबकड्या ऐकून तुलना करावी, हे कोणालाही सुचेल. पण ‘टॉरस’ला १९०९ चा जुना कायदा लागू होता, आणि त्यानुसार हक्क होता तो सरकारजमा केलेल्या स्वरलिपीच्या कागदापुरता. म्हणून ज्यूरीला तुलनेसाठी ‘टॉरस’ची तबकडी ऐकविण्यात आली नाही. २०१६ साली निकाल लेड झेपेलिनच्या बाजूने लागला, २०२० साली वरच्या न्यायालयाने तो कायम केला. निकाल चूक होता असे आम्ही म्हणत नाही. सुरांचा खटला कानांनी न ऐकता चालला, एवढेच आम्हांस चमत्कारिक वाटते.

याउलट इंग्लंडचे एक प्रकरण. ‘प्रोकॉल हारम’च्या १९६७ मधील ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’चा आरंभ ऑर्गनवर होतो. वाद्य गिटार नव्हे, प्रश्न मात्र तोच. तो भाग वादक मॅथ्यू फिशर यांनी रचलेला. कर्ते म्हणून नावे मात्र दुसऱ्या दोघांची. तब्बल ३८ वर्षांनी, २००५ साली, फिशर न्यायालयात गेले. इतका उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने २००९ साली ठरविले आणि संगीताचा ४० टक्के वाटा त्यांचा मानला, तो दावा लावल्यापासून पुढचा. चक बेरी यांचे पियानोवादक जॉनी जॉन्सन यांनीही २००० साली असाच दावा लावला होता. अमेरिकेच्या न्यायालयाने फार उशीर झाला म्हणून तो फेटाळला. एकाच प्रकारच्या श्रमाला समुद्राच्या एका काठावर वाटा मिळाला, दुसऱ्यावर नाही.

आपल्याकडे २०१२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार, संगीतकार यांचे हक्क बळकट झाले. कलावंताच्या सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाल्यास त्याला मानधनाचा वाटा मिळण्याची तरतूद झाली. ‘सादरकर्ता’ या शब्दाच्या व्याख्येत मात्र एक परंतुक घालण्यात आले. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचे आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेही होत नाही, त्याला सादरकर्ता समजू नये, असा त्याचा आशय. त्याच्या कामाची विकृती झाल्यास तक्रार करण्याचा एक हक्क तेवढा शिल्लक ठेवला आहे. ज्या धंद्याचा रिवाजच वादकाचे नाव न छापण्याचा होता, त्या धंद्याच्या रिवाजालाच येथे प्रमाण धरले आहे. वादकाचे काम आनुषंगिक की मूलभूत, हे अर्थातच प्रत्येक प्रकरणात पाहावे लागेल. ‘कर्ज’मधला तुकडा आनुषंगिक होता असे कोणी वकील म्हणू लागला, तर न्यायाधीशांनी तो चित्रपट एकदा गिटार वगळून पाहावा.